सबब मान्य नाही

माझ्या नाकावर राग असतो हे सगळा दवाखाना जाणतो. लॅबमध्ये पाठीमागे मला 'शेरेबहाद्दर' म्हणतात हेही मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला ते नाव आवडत होतं. नळी अर्धीच भरली आहे, परत. चिठ्ठीवरचं नाव पुसलं आहे, परत. नमुना गोठलेला आहे, परत. परत पाठवलेल्या प्रत्येक नळीची नोंद एका जाड वहीत करायची आणि कारणाच्या रकान्यात शेरा मारायचा. ती वही माझी. दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला मला खपत नसे.

रक्त गोठण्याची तपासणी करायची तर निळ्या झाकणाची नळी लागते. तिच्यात तळाशी पाण्यासारखं औषध असतं. ते रक्तात नीट मिसळलं की रक्त पातळ राहतं आणि मशीनला तपासता येतं. मिसळायचं म्हणजे घुसळायचं नाही, ताक नाही ते. नळी हलक्या हाताने पाच वेळा उलटसुलट करायची, बस. ती आमच्याकडे आली की आम्ही झाकण काढून आत लाकडी काडी फिरवतो. काडी तशीच निघाली तर ठीक. काडीला जांभळट, लिबलिबीत दोरा चिकटून आला तर नमुना गोठलेला. मग तो तपासता येत नाही, फेकून द्यायचा आणि दुसरा मागवायचा. गोठलेला नमुना म्हणजे घेणाऱ्याची चूक, हे मला शिकताना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ते पुढे अठ्ठावीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला सांगत आलो.

वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात सगळ्यात जुनी नर्स म्हणजे माझी धाकटी बहीण. दवाखान्यात तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे पेशंटसुद्धा. घरात ती ठकी. लहानपणी गोल चेहऱ्याची, बसवलं तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहणारी, म्हणून ठकी. पुढे ती इतकी धावपळ करणारी झाली की नाव शोभेना, पण तोवर ते चिकटलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आईजवळ राहायची. तिच्या हाताला शीर सापडली नाही असा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मी जाणत होतो. जाणत असूनही पुढचं सगळं केलं.

नवा आजार आला तेव्हा वरचा वॉर्ड रिकामा करून त्याच्याच पेशंटना दिला. खाली लॅबमध्ये आम्हाला दिसायच्या फक्त नळ्या. नव्वद, शंभर, दीडशे. माणूस दिसायचा नाही, चिठ्ठीवर खाटेचा नंबर असायचा. आणि त्या नळ्यांत निळ्या झाकणाच्या नळ्या गोठून येऊ लागल्या. एरवी महिन्याला तीन-चार यायच्या. पहिल्या आठवड्यात नऊ आल्या, दुसऱ्यात सोळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी वर फोन लावला. ठकीनेच उचलला.

"तुमच्याकडे नळी हलवायला हात झिजतात का?" मी म्हटलं.

"दादा, हलवतोय रे. पाच वेळा हलवतोय."

"मग गोठतं कसं?"

"तेच सांगतेय ना. सुईतच गोठतंय. नळीत पोचायच्या आधीच. ओढताना जाणवतं, दट्ट्या जड होतो."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बाजूला माझी सहकारी मायक्रोस्कोपवर होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बहिणीशी असं बोलतो तो आपल्याशी काय बोलेल, असं तिच्या मनात आलं असेल.

त्याच दिवसांत कॅन्टीनमध्ये डायलिसिसचा टेक्निशियन माझ्यासमोर बसून कंपनीला शिव्या घालत होता. त्याच्या मशीनच्या गाळण्या तासाभरात तुंबत होत्या. "माल फडतूस पाठवलाय," तो म्हणत होता. मी मान डोलावली. मलाही वाटलं, हल्ली कोणी काम नीट करत नाही. एकाच टेबलावर समोरासमोर बसून आम्ही दोघं एकच गोष्ट बोलत होतो आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी लेखी तक्रार केली. आपला तो बाब्या, असं कोणी म्हणू नये म्हणून मुद्दाम बहिणीचं नाव घालून केली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकतो. मेट्रनबाईंनी ठकीकडून खुलासा मागवला आणि रीतीप्रमाणे तो अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. सहा तारीख होती. रेघांच्या कागदावर तिचं ठसठशीत अक्षर:

'नमुने गोठल्याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला आहे. मी प्रत्येक नळी पाच वेळा उलटसुलट करते. नवीन आजाराच्या पेशंटचे रक्त नळीत जाण्याआधी सुईतच गोठताना मी स्वतः पाहिले आहे. खाट सात, अकरा व चौदा, प्रत्येकी दोनदा. अकरा नंबरच्या पेशंटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजला आहे. ज्यांचा ताप जास्त, त्यांच्यात हे जास्त दिसते. हे माझ्या हाताचे नसून त्यांच्या रक्ताचे असावे असे वाटते. कृपया हा कागद डॉक्टरांना दाखवावा.'

'असावे असे वाटते' या शब्दांखाली मी लाल रेघ मारली. वाटण्यावर लॅब चालत नाही. खाली लिहिलं, 'सबब मान्य नाही. नमुना घेण्याचे प्रशिक्षण पुन्हा द्यावे.' सही केली, तारीख घातली. त्याची प्रत मेट्रनबाईंकडे गेली आणि मूळ कागद माझ्या टेबलाच्या खणात. डॉक्टरांना दाखवायचं राहिलं असं मी म्हणू शकलो असतो. पण राहिलं नव्हतं. मी दाखवला नाही.

प्रशिक्षण झालं. चौरेचाळीस वर्षांच्या बाईला नव्या पोरींच्या रांगेत उभं करून, पाण्याने भरलेली नळी हातात देऊन, पाच वेळा उलटसुलट करून दाखवायला लावलं. मला ते सहकारिणीने सांगितलं. "सर, ताई काही बोलल्या नाहीत हो. सगळं केलं आणि 'झालं का?' म्हणून वॉर्डात परत गेल्या." त्यानंतर वरून नळीबद्दल एकही फोन आला नाही. मला वाटलं, अक्कल ठिकाणावर आली. नमुने मात्र गोठतच राहिले आणि मी ते परत पाठवत राहिलो. डॉक्टरांच्या कागदावर फक्त 'नमुना अयोग्य' एवढंच छापून जायचं. त्यांना वाटायचं वॉर्डाचं चुकलं. वॉर्डाला वाटायचं, ताईंसारखी आपल्यावरही तक्रार होईल. मग एखाद्याचं रक्त गोठलं की नर्सेस ती नळी वॉर्डातच टाकून द्यायच्या आणि तपासणीच पाठवायच्या नाहीत. हे मला फार नंतर कळलं.

सोळा तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला.

"ठकीला ताप आहे रे चार दिवस. मला सांगितलंन् नाही. आज तिलाच ठेवून घेतलंय तिथे."

"तिच्याच वॉर्डात?"

"हो. तू बोल तिच्याशी. तुमचं काय बिनसलंय ते मला नको सांगूस, पण बोल."

मी फोन केला. ती खोकत होती, पण आवाजात नेहमीचा खट्याळपणा होता. "खिडकीजवळची खाट पटकावलीय," म्हणाली. "इतकी वर्षं दुसऱ्यांना देत होते, आज स्वतःला दिली." मग म्हणाली, "पोटरी फार दुखतेय रे. उभं राहून राहून असेल." मी म्हटलं, असेल. माफी मागायचं माझ्या मनात आलं नाही. नळीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तीन मिनिटांत बोलणं संपलं.

सतरा तारखेला सकाळी साडेनऊला पहिल्या ट्रेमध्ये एक निळी नळी होती. काडी फिरवली, दोरा आला. हात सवयीने वहीकडे गेला. 'गोठलेला. पुन्हा पाठवा.' खाटेचा नंबर उतरवताना चिठ्ठीवरचं नाव वाचलं तेव्हा कळलं की हे ठकीचं रक्त आहे. मी दोन मिनिटं नळी हातात धरून बसलो. पण नियम तो नियम, बहिणीला वेगळा कसा लावणार? शेरा तसाच ठेवला आणि नळी टाकली. दुसरी नळी यायला दुपारचा एक वाजला. तीही गोठलेली होती.

मी वर फोन लावला. नवीन नर्स होती, जेमतेम सहा महिन्यांची. तिला जे नाही ते बोललो. माझी बहीण आहे ती, तुम्हाला एक नळी भरता येत नाही का, प्रशिक्षण देऊनही तुम्ही... वगैरे. पोरगी रडायला लागली.

"सर, ताईंनी स्वतः बघितलं. मी नळी हलवत होते तेव्हा त्या मोठ्याने मोजत होत्या. एक, दोन करत पाचपर्यंत. मास्क बाजूला करून मोजलं त्यांनी. तुम्ही विचारणार म्हणून."

मी उठलो. अठ्ठावीस वर्षांत लॅबमधून उठून नमुना घ्यायला वॉर्डात गेलो नव्हतो. वरच्या मजल्यावर पांढरा पोशाख चढवायला पंधरा मिनिटं लागली. दोन हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, त्यावर प्लास्टिकचा पडदा. आतून घाम, बाहेरून कोणाचं तोंड ओळखू येईना. वॉर्डात बोलण्याचा आवाज नव्हता, फक्त ऑक्सिजनची खळखळ होती. सात नंबरची खाट रिकामी होती, चौदा नंबरचीही. गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

ठकीने मला चालीवरून ओळखलं. "आली स्वारी," म्हणाली. एवढं बोलायलाही तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. चादरीबाहेर तिचे पाय होते. डावी पोटरी उजवीच्या दीडपट दिसत होती, कातडी ताणून चकाकत होती.

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. शीर मोठी, सरळ, हाताला लागेल अशी. सुई घातली, दट्ट्या ओढला. रक्त आलं, काळपट, आणि निम्म्यात थांबलं. दट्ट्या जड झाला. पुन्हा ओढला, हलेना. सुई काढून पाहिली तर टोकाला शेंगदाण्याएवढी लिबलिबीत गाठ लोंबत होती. नळीत एक थेंब गेला नव्हता. औषधाचा प्रश्नच नव्हता, हलवायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हाही माझ्या तोंडून काय निघावं? "सुई खराब असेल."

ठकीने दुसरी बाही वर सारली. मी दुसरी सुई फोडली, दुसरा हात धरला. या वेळी घाई केली. थोडं रक्त नळीत गेलं. मी नळी उलटसुलट केली. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ मास्कच्या आड हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. नळी उजेडात धरली. भिंतीला गडद रेघ चिकटली होती आणि ती ओघळत नव्हती.

मी तिसरी सुई उचलली.

"दादा," ती म्हणाली, "सुया संपतील रे."

मी तिथेच, तिच्या खाटेच्या कडेवर बसलो. वॉर्डात असं बसायचं नसतं. "ठके, तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. पडद्याआडून ते तिला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने माझा हातमोजा दोनदा थोपटला आणि डोळे मिटले. "डॉक्टरांना सांग," म्हणाली. "अकरा नंबरचं आधी बघायला सांग. त्याचा पाय माझ्याहून वाईट आहे."

छातीच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना दारातच गाठलं आणि दोन्ही सिरिंजा पुढे धरल्या. त्यांनी एकदा सिरिंजांकडे पाहिलं, एकदा ठकीच्या पायाकडे, आणि लगेच रक्त पातळ करायचं इंजेक्शन मागवलं. मग मला विचारलं, "असं अजून कोणाचं होतंय?"

"वही आणतो," मी म्हटलं.

वहीत त्या दिवसापर्यंत एक्केचाळीस गोठलेले नमुने होते. डॉक्टरांनी अंगातली सूज सांगणारी दुसरी तपासणी मागितली. ती तर रोज माझ्याच मशीनवर होते, माझ्याच सहीने जाते. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि खाटेचे नंबर जुळवत गेलो. दहाच्या आत असायला हवा तो आकडा एकाचा दोनशे, एकाचा एकशे साठ, एकाचा दोनशे नव्वद. एक्केचाळिसांतल्या सदतीस नमुन्यांत तो शंभराच्या वर. दोन्ही कागद महिनाभर माझ्या एकाच टेबलावर पडून होते, मध्ये वीतभर जागा.

"शरीर या विषाणूशी भांडता भांडता स्वतःलाच पेटवून घेतंय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि सुजलेल्या जागी रक्त गोठत बसतं. पायात, फुफ्फुसात, कुठेही. बाहेरून दोन-तीन ठिकाणांहून असं कानावर आलं होतं, पण आपल्याकडे दिसत नव्हतं. आपल्याकडचे रिपोर्ट बघा ना, नुसतं नमुना अयोग्य, नमुना अयोग्य." मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आठ-दहा दिवस आधी कळायला हवं होतं."

मी तेव्हा खणातल्या कागदाचं बोललो नाही.

त्याच संध्याकाळपासून सगळ्या वॉर्डाला इंजेक्शनं सुरू झाली. डायलिसिसच्या टेक्निशियनला मी जाऊन सांगितलं, कंपनीला शिव्या देऊ नकोस. घरी जाताना मला वाटत होतं, वेळ गेलेली नाही. औषध मिळालंय, ती धट्टीकट्टी आहे, चार दिवसांत उठेल आणि मला जन्मभर टोमणे मारेल. ते टोमणे ऐकायची मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली.

अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता ठकी मोरीपर्यंत जायला उठली. नवी नर्स सोबत होती. चार पावलं गेली, 'थांब गं' म्हणाली आणि खाली बसली. पायातली गाठ सुटून फुफ्फुसात गेली होती. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मी जिन्यात उभा होतो, अर्धा पोशाख चढवलेला. आत जाईपर्यंत संपलं होतं. तिला इंजेक्शनाचे दोन डोस मिळाले होते. सहा तारखेलाच तो कागद डॉक्टरांकडे गेला असता तर तिला पायात गाठ होण्याआधी, तापाच्या पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. हा हिशेब मला कोणी करून दाखवला नाही, मीच केला.

आईला मी फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "एकटी होती का?" मी म्हटलं, नाही.

पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या अधीक्षकांनी बैठक बोलावली. मोठ्या खोलीत खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, खिडक्या उघड्या. वॉर्डातले मृत्यू निम्म्यावर आले होते. अकरा नंबरचा माणूस आदल्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला होता. अधीक्षक म्हणाले की हा बदल लॅबमुळे झाला. वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून ज्यांनी रक्त गोठण्याची गोष्ट सगळ्यांच्या आधी हेरली, त्यांचा आपण गौरव करू. टेबलावर माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र होतं, फ्रेम करून आणलेलं. लोक टाळ्या वाजवू लागले. ती नवी नर्स वाजवत नव्हती.

मी उठलो आणि खिशातून रेघांचा कागद काढला. सकाळी निघताना खणातून घेतला होता. काढीन की नाही हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

"सगळ्यांच्या आधी हे हेरलं ते इथे आहे," मी म्हटलं आणि वाचायला लागलो. खाट सात, अकरा व चौदा. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजला आहे. ज्यांचा ताप जास्त, त्यांच्यात हे जास्त. कृपया डॉक्टरांना दाखवावा. तारीख वाचली. छातीच्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हा कागद माझ्यापर्यंत का आला नाही?" त्यांनी विचारलं.

"खाली शेरा आहे," मी म्हटलं आणि तोही वाचला.

"शेरा कोणाचा?" अधीक्षकांनी विचारलं. मेट्रनबाई जमिनीकडे बघत होत्या.

"माझा. शेरेबहाद्दराचा."

फ्रेम टेबलावरच राहिली. सहा ते सतरा या तारखांत त्या वॉर्डातली चौदा माणसं गेली होती, त्यांची यादी मी कागदामागे जोडून दिली. सगळी रक्त गोठूनच गेली असं कोणी म्हणू शकत नाही. कोणाचं तसं नव्हतं हेही आता सांगता यायचं नाही. चौकशी व्हायची ती होईल.

तिथून मी आईकडे गेलो. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगावं, एवढंच मनात होतं. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तक्रार, खुलासा, शेरा, प्रशिक्षण. ती शिव्या देईल, हाकलून देईल, अशा बेताने मी दाराजवळच उभा होतो. तसं तिने काही केलं नाही. तिने ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे ठकीची पाण्याची छोटी बाटली होती, अर्धी भरलेली, कोणी उचलली नव्हती.

"ही कशाला ते मला आत्ता कळलं," आई म्हणाली. "तुमचं बिनसलं तेव्हापासून रोज कामावरून आली की इथे उभी राहायची. ती बाटली वरखाली करायची आणि मोजायची. पाच झाले की परत एकपासून. मी म्हटलं, अगं काय करतेस? तर म्हणाली, 'मी डॉक्टरांकडे जाणार होते गं, पण दादा म्हणतोय म्हणजे माझ्याच हाताचं काहीतरी चुकत असेल. आधी हात सुधारते, मग बघू.'"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्यावर फार विश्वास होता रे तिचा."